पितळी दुसऱ्या खंडात मेली

९ जून

दादा,

पितळी मेली. मला आज कळलं.

तुला ते केव्हाचंच माहीत आहे, तेव्हा 'जरा बसून घे' वगैरे म्हणत नाही. उभाच राहा आणि उत्तर दे.

फोन केला असता. पण तू वर्षातून एकदा, माझ्या वाढदिवसाला, 'बरी आहेस ना, बाबा बरे ना, चल ठेवतो' एवढंच बोलतोस. कागदाला 'चल ठेवतो' म्हणता येत नाही, म्हणून कागद. फरशीच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा पत्ता तू कुणाला दिलेला नाहीस. पाकीट फाडताना कुणी डोकावत असेल तर सांग, बहिणीचं आहे, डोकं फिरलंय तिचं.

आधी बातमी, मग भांडण.

'अकरा बेटं' आपल्या भाषेत येतेय. सातच्या सात खंड. चाचे, तोफा, न संपणारं युद्ध, सगळं. आणि भाषांतर कोण करतंय? मी. ढमी. जिला आठव्या वर्षापर्यंत जोडाक्षर दिसलं की पोटात दुखायचं. जिच्यासाठी तू ते विटेएवढे खंड मांडीवर घेऊन परक्या भाषेतून थेट आपल्या भाषेत सांगायचास, बोटाने ओळ धरून, न अडखळता. मला कितीतरी वर्षं वाटायचं, पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं.

संपादकबाईंनी माझं नमुन्याचं प्रकरण वाचून विचारलं, 'ही भाषा कुठून आणलीस गं?' मी म्हटलं, घरची आहे. खोटं नाही बोलले.

माझी पद्धत सांगते, हसू नकोस. मी आधी पुस्तक बंद ठेवते. तुझा आवाज आठवते आणि तू जसं सांगितलंस तसं लिहून काढते. मग पुस्तक उघडून ओळ न ओळ ताडून बघते आणि जिथे तू थापा मारल्यास तिथे दुरुस्ती करते. पहिल्या खंडात तू बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागलास. जहाजावर एक बोका घुसवला होतास, तो काढला. जिवावर आलं, पण काढला. बाकी नावांवरून बाईंशी जुंपली. 'हे सुकाणूकाका कोण? मूळ माणसाला चांगलं आडनाव आहे.' मी म्हटलं, बाई, ते आडनाव एकदा उच्चारून दाखवा. त्यांनी प्रयत्न केला. सुकाणूकाका राहिले.

दुसऱ्या खंडातलं ते प्रकरण मात्र मी ताडून बघितलंच नाही. गरज काय? तह ठरलेला, पांढरी निशाणं लागलेली, जहाजावरचे पितळेचे दिवे घासणारी पोरगी निशाण बघायला डोलकाठीवर चढते, कुणीतरी गोळी झाडतो, ती पडते, बुडते, वर येते. झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवेन. लिहिलं, पाठवलं.

आज बाईंचा फोन. मी दुकानात गल्ल्यामागे बसले होते, समोर एक आजी चष्म्याच्या फ्रेमी घालून बघत होत्या.

'अगं, ही पितळी पाण्यातून वर कशी आली?'

'पोहत.'

'मूळ पुस्तकात ती वर येत नाही.'

'येते हो. तुमच्या प्रतीत पान गळलं असेल.'

'पान माझ्यासमोर आहे. वाचू?'

वाचलं त्यांनी. 'ती पडली. पाण्याने तिच्यावर दार लावून घेतलं. त्यानंतर त्या जहाजावरचं पितळ कुणी घासलं नाही.' एवढंच. अडीच ओळी. पुढचं वाक्य तोफांवर आहे.

आजी म्हणाल्या, 'बाळा, बरं नाही का?' मी म्हटलं, घरातलं एक गेलं. त्यांनी फ्रेम काढून ठेवली बिचाऱ्यांनी.

पुढचे चार खंड ती होती, दादा. थोरल्या कप्तानिणीशी भांडत होती, शत्रूच्या जहाजावर जाऊन त्यांचेही दिवे घासून येत होती. सहाव्या खंडात ती वाळूच्या दांड्यावर एकटी उभी होती आणि भरती येत होती, त्याच आठवड्यात बाबा तुला म्हणाले, 'दुकानात बसायचं नसेल तर जा तुझ्या चाच्यांकडे', आणि तू खरंच गेलास.

चाच्यांकडे नाही. फरशांकडे.

आता सांग, ती कोण होती?

ढमी
(नाव तेच आहे. वजन नाही.)


२१ जून

दादा,

उत्तर नाही. ठीक. तोवर मी सातही खंड वाचून काढले, पहिल्यांदाच सलग, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी. बाईंना सांगितलं, अभ्यास करतेय. खरं तर तुझी उलटतपासणी करत होते.

तू पकडला गेलायस, पूर्ण.

मूळ पुस्तकात तिला नावसुद्धा नाही. 'दिवे पुसणारी मुलगी.' सगळी मिळून तीन पानं असेल नसेल. पण ती पांढऱ्या निशाणाखाली मेली म्हणून थोरली तहाचा कागद फाडते, आणि तिथून युद्ध जे सुरू होतं ते थांबतच नाही. प्रत्येक लढाईच्या आधी कुणीतरी ओरडतं, 'त्या मुलीसाठी!' तिचं नाव कुणाला माहीत नसतं. तिसऱ्या खंडानंतर तर ओरडणाऱ्यांनाही माहीत नसतं की कुठली मुलगी.

आणि तू तिला जिवंत ठेवलंस. म्हणजे युद्धाचं कारणच काढून घेतलंस, आणि पुस्तकात तर पानापानावर लढाया! आता मला कळतं, तू तेव्हा ओळ बोटाने धरून का वाचायचास. वाचत नव्हतास. वेळ काढत होतास.

तिसऱ्या खंडातली मोठी लढाई आठवते? शंभर जहाजं बुडतात. तू सांगितलंस, दोन्ही बाजू एकमेकांना तोफांची सलामी देत होत्या आणि नेम चुकला. चौथ्या खंडात अख्खं बेट जाळतात. तुझ्याकडे कुणाची तरी शेगडी कलंडली. पाचव्यात खलाशी बंड करून कप्तानाला टांगतात. तू म्हणालास, खलाशांना सुट्टी हवी होती, म्हणून त्यांनी कप्तानाची टोपी वर टांगली, ती त्याला मिळेपर्यंत सगळे सुट्टीवर. मी किती हसले होते त्या टोपीला. आज ते पान वाचलं. टोपीचा उल्लेख आहे, बरं का. पायापाशी पडलेली असते.

शाळेत इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं, युद्धं का होतात. मी हात वर करून सांगितलं, नेम चुकतो म्हणून. तास संपेपर्यंत उभी केली त्यांनी मला. तुला सांगितलं तर म्हणालास, 'बाईंनी तिसरा खंड वाचलेला नाही.' बेशरम माणूस.

सातव्याचा शेवट तुला माहीत असेल किंवा नसेल. तू गेल्यानंतर आला तो. थोरली म्हातारी झालीय, भांडण कशावरून होतं ते तिलाच आठवत नाही. क्षितिजावर शिडं दिसतात. कुणाची, तेही कळत नाही. ती म्हणते, 'तोफा भरा.' संपलं. म्हणजे नाही संपलं. लोक म्हणतात फार थोर शेवट आहे. असेलही. मी पुस्तक मिटलं आणि मला वाटलं, माझ्या भावाच्या हातात दिलं असतं तर त्याने या बाईला चष्मा लावून दिला असता. बघ आधी, कोण येतंय ते.

आता मुद्दा. सरळ मागते.

भाषांतरातून मी तिला काढतेय. ते काम आहे, मूळ लेखकाचं पुस्तक आहे, तिथे ती मेली तर मेली. मी काही लुच्ची भाषांतरकार नाही. पण नंतरची पितळी त्या लेखकाची नाही. फडकं खांद्यावर टाकून दोन्ही बाजूंच्या जहाजांवर फिरणारी, कुणालाही 'अहो' न म्हणणारी, ती तुझी आहे. मला ती हवी. मी तिचं पुस्तक लिहिणार आहे, माझं स्वतःचं. समुद्र वेगळा, जहाजं वेगळी, पण ती तीच. बाईंना विषय सांगितला, त्या म्हणाल्या, 'आधी हे संपव, मग बघू.' बघू म्हणजे हो, मी त्यांना ओळखते.

पण दुसऱ्याचं मूल न विचारता उचलत नाहीत. आणि ते वाळूच्या दांड्यावरचं पुढचं मला माहीत नाही. मी माझ्या मनाने रचू शकते. आठ प्रकारे रचून बघितलं, आठही वेळा ती बाहुलीसारखी चालते. तुला माहीत आहे ती काय करते. तेव्हा 'दिली' म्हण, आणि पुढे काय झालं ते सांग.

ढमी


४ जुलै

दादा,

तुझा मेसेज मिळाला.

'ती मेली होती. तसंच लिही. कामाला लाग.'

वा. एवढ्या वर्षांनी एवढा मोठा मजकूर. फ्रेम करून दुकानात लावू का? आमच्याकडे फ्रेमी आहेत.

मी चिडले होते. त्या रागात एक पत्र लिहिलं आणि फाडलं, तुझं नशीब. मग मी ते प्रकरण पुन्हा काढून बसले, की नेमकं कुठे तू वळण घेतलंस. आणि मला जागा आठवली. प्रकरण नाही, जागा. दवाखान्याचा मागचा जिना. आपण तिसऱ्या पायरीवर. वरच्या मजल्यावर आई. लहान मुलांना आत सोडत नव्हते, म्हणून बाबा आत आणि तू माझ्यापाशी.

तू पान उलटलंस आणि थांबलास. म्हणालास, 'पाणी पिऊन येतो.' नळ जिन्याखालीच होता. तरी तुला बराच वेळ लागला. आलास तेव्हा केस ओले होते. मग तू पुस्तक उघडलंस, बोट ओळीवर ठेवलंस आणि वाचलंस, 'आणि पितळी पाण्यातून वर आली, नाकातोंडातून पाणी काढत, आणि ओरडली, माझं फडकं कुठंय?' मी इतकी हसले की वरून नर्स ओरडली, कोण आहे रे तिकडे.

त्याच आठवड्यात आई गेली.

तू सोळा वर्षांचा होतास. ते पान माझ्यासमोर वाचणं तुला जमलं नाही. आणि एकदा तिला वर काढल्यावर परत बुडवायची कशी? म्हणून चार खंड तू ते रेटलंस. शंभर जहाजांना नेम चुकवायला लावलास. बस. या विषयावर एवढंच. मला रडवायला मी हे लिहीत नाहीय, तुलाही नाही.

मुद्दा असा, की 'ती मेली होती' हे तू मला सांगू नकोस. मी ते पान वाचलंय, तू ते पान वाचून त्याला 'नाही' म्हटलंयस. दोघांत जास्त माहिती कुणाला आहे? 'तसंच लिही' म्हणतोस ते त्या पुस्तकापुरतं ठीक. लिहितेच आहे. पण माझ्या पुस्तकात काय लिहायचं ते तू मेसेजवर ठरवणार, आणि तेही फरशा मोजता मोजता?

आणि 'कामाला लाग' हे कुणाचं वाक्य आहे, ऐकू आलं का तुला लिहिताना? डिट्टो बाबा. चष्मा नाकावर घसरलेला तेवढा राहिला.

मला उत्तर नको. पितळी हवी.

ढमी


१७ जुलै

दादा,

हे पत्र नीट बसून वाच. या वेळी म्हणते, बस.

परवा मी ते प्रकरण लिहिलं. खरं, मुळाप्रमाणे. तुझं सगळं बाजूला ठेवलं आणि शब्दाशब्दाने तिला बुडवलं. चांगलं झालंय. 'पाण्याने तिच्यावर दार लावून घेतलं' ही ओळ लिहून झाल्यावर मी उठून दुकानाचं दार उघडून ठेवलं, उकडत होतं म्हणून.

मला लिहिलेलं मोठ्याने वाचायची सवय आहे. डोळ्यांपेक्षा कानाला चुका लवकर दिसतात. गिऱ्हाईक नव्हतं. बाबा समोर एका फ्रेमची काडी बसवत होते, तो बारीक स्क्रू चिमट्यात धरून. त्यांचं लक्ष नसतंच. आपले बाबा, जे पेपरात फक्त हवामान वाचतात. मी वाचत गेले. ती पडली, दार लागलं, पितळ कुणी घासलं नाही.

'थांब,' बाबा म्हणाले. 'काय वाचलंस ते?'

'भाषांतर.'

'चुकलंय. ती वर येते.'

'कोण?'

'कोण काय कोण! ती दिवेवाली. वर येऊन फडकं मागते.'

चिमट्यातला स्क्रू पडला होता आणि ते माझ्याकडे बघत होते, वरून, चष्म्याच्या कडेवरून, जसं चुकीचा नंबर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

'तुम्हाला काय माहीत?' मी म्हटलं.

'दुकान आणि तुमची खोली, मध्ये नुसती फळ्यांची भिंत आहे. तुझा भाऊ काही कुजबुजायचा नाही.'

'पण तुमचं काच घासायचं मशीन चालू असायचं ना!'

'मशीन चालू ठेवून ऐकू येतं होय? तो सुरू झाला की बंद करायचो. तुमचं आटपलं की लावायचो परत.'

दादा, आठवतं? मशीनचा आवाज थांबला की तू म्हणायचास, बाबा दमून झोपले, हळू बोलूया. आणि तू आवाज बारीक करायचास. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, 'हो ना! ऐन रंगात आलं की गाढव आवाज बारीक करायचा. कान लावून लावून मान आखडायची.'

तिसऱ्या खंडाची सलामी त्यांना माहितीय. शेगडी माहितीय. टोपी माहितीय, टोपीला तर ते आत्तासुद्धा हसले, आणि हसता हसता म्हणाले, 'मला तेव्हाच शंका आली होती, असं नसणार पुस्तकात. पण म्हटलं, ठीक आहे, चाललंय ते बरं चाललंय.'

मग मी विचारलं. कधीतरी विचारायचंच होतं. 'मग त्याच्यावर एवढे चिडलात कशाला? चाच्यांकडे जा म्हणालात.'

'दुकानात बसत नव्हता म्हणून चिडलो. तो राग चार दिवसांत गेला.'

'आणि मग?'

'मग काय मग.' ते टेबलाखाली स्क्रू शोधत होते, तिथूनच बोलले. 'भरती येत होती. पोरगी वाळूवर उभी. आणि हा चालता झाला. असं अर्धं टाकून जातं का कुणी?'

टेबलाखालून आवाज आला, 'तुला माहितीय का पुढचं?'

'नाही. पुस्तकात ती नाहीच. दादालाच माहीत.'

'मग विचार की त्याला.'

'विचारलं. सांगत नाही.'

'हट्टी आहे.'

'कुणावर गेलाय?'

'आईवर,' बाबा म्हणाले, आणि डोकं वर काढताना टेबलाला आपटलं. मी दहा मिनिटं हसत होते. त्यांनी त्या फ्रेमला डावी काडी उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक ती घेऊन गेलंय. येईल परत.

आता ऐक. मी तुला पितळी माझ्यासाठी मागत होते, ते मागणं तसंच आहे, मी मागे घेत नाही. पण रांगेत माझ्या पुढे एक माणूस आहे, हे मला माहीत नव्हतं. तो तेरा वर्षं भिंतीला कान लावून उभा आहे. त्याला तू मेसेजवर 'ती मेली होती' असं सांगून बघ. हिंमत असेल तर.

दुकानाचा फोन नंबर बदललेला नाही. आम्ही काहीच बदलत नाही, तुला माहीत आहे. मशीन तेवढं नवीन घेतलंय. आवाज करत नाही.

ढमी


२ ऑगस्ट

दादा,

बाबा रोज पोस्टमनला थांबवून त्याचा चष्मा फुकट पुसून देतायत. पोस्टमन घाबरलाय.

एवढं सांगून थांबते.

ढमी


१४ ऑगस्ट

दादा,

तू फोन केलास.

तुला तुझ्या बाजूचं माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगते, कारण ते तुला दिसलं नाही आणि बाबा जन्मात सांगणार नाहीत.

खुर्चीत एक बसड्रायव्हर होते. डोळे तपासायची ती जड चौकट त्यांच्या नाकावर, एका डोळ्यावर काळी चकती, आणि ते समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होते. फोन वाजला, बाबांनीच उचलला, कारण मी पानं तपासत होते.

'हॅलो. कोण?'

मला वाटलं, कंपनीचा फोन असेल, भिंगांची ऑर्डर. मग बाबा म्हणाले, 'जेवलास का?'

मी पेन ठेवलं.

'हं. हं. इथे सगळं ठीक. ती? समोर बसलीय, कान टवकारून. नाही, तिला फोन देत नाही, मला सांग. ती वाळूवर होती.'

आणि तू सांगायला लागलास. मी शपथेवर सांगते, बाबांनी खुर्ची ओढली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

'हं... मग?... होडी कुणाची, त्यांची का आपली?... असं कसं, त्यांच्या होडीत ती कशी बसेल?... अच्छा. अच्छा. बरं, मग?'

ड्रायव्हर म्हणाले, 'काका, खालची ओळ दिसत नाहीय.'

'कुणालाच दिसत नाही ती. थांबा जरा, पोरीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय.'

ड्रायव्हर चौकटीसकट ताडकन उभे. 'कुठे? कुणाची पोरगी?' एक डोळा झाकलेला, हात पुढे, निघालेच वाचवायला. मी त्यांना धरून बसवलं, म्हटलं, गोष्टीतली आहे हो. ते म्हणाले, 'मग आधी सांगायचं ना,' आणि बसले. पाच मिनिटांनी मलाच कुजबुजत विचारतात, 'निघाली का पाण्यातून?'

'नाही, ती असं नाही करणार,' बाबा फोनवर म्हणत होते. 'अरे, मी ओळखतो तिला. ती दोर कापेल... बघ, कापला ना? म्हटलं होतं मी!'

मग तू काहीतरी बोललास आणि त्यांचा चेहरा बदलला. चष्मा काढला त्यांनी. 'हं,' म्हणाले. 'जिन्यावर ना? माहितीय. मी वरून बघितलं होतं. ती हसत होती.' मग नुसतंच, 'हो रे. हो. बरं केलंस.'

यापुढचं मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण तुला माहीत आहे, आणि लिहिलं तर कमी होईल.

फोन ठेवला, ड्रायव्हरच्या चौकटीत भिंग बदललं, म्हणाले, 'आता वाचा.' जसं काही झालंच नाही.

'काय म्हणाला?' मी विचारलं.

'तुला दिली म्हणाला.'

'काय?'

'पोरगी. लिही म्हणाला. एक अट आहे.'

'कुठली अट?'

'युद्ध संपवायचं. त्याला जमलं नाही म्हणाला.'

'आणि वाळूवर पुढे काय झालं?'

'ते मला सांगितलंय,' बाबा म्हणाले. 'तू तुझं बघ.'

आणि खरंच सांगत नाहीत! काल विचारलं, आज सकाळी विचारलं, चहा दोनदा करून दिला. ड्रायव्हर नवा चष्मा न्यायला आले, ते आणि बाबा कोपऱ्यात उभं राहून काहीतरी बोलले, दोघंही हसले, आणि मी जवळ गेले तर गप्प. एका परक्या बसड्रायव्हरला माझ्या पितळीचा सहावा खंड माहीत आहे आणि मला नाही. हा अन्याय मी कुठे नोंदवू?

पण तुझी अट मान्य. लेखी मान्य करते.

फक्त अडचण सांगते, लेखक म्हणून. युद्ध कसं संपतं हे मला माहीत नाही. सात खंड भाषांतर करतेय, त्यात एकदाही संपत नाही. तुझ्याकडून शिकावं तर तूही तिथेच अडकलास. आपल्या मनाने रचलं की कसं होतं ते मी सांगितलंच, बाहुल्या चालतात. तेव्हा मला ते एकदा डोळ्यांनी बघावं लागेल. दोन बाजू समोरासमोर बसतात तेव्हा आधी कोण बोलतं, हात कुठे ठेवतात, कुणी आधी पाणी मागतं, असलं सगळं. त्याशिवाय लिहिता येणार नाही. पुस्तक अडलंय.

एक बाजू इथे माझ्यासमोर आहे. आत्ता एका गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेतेय. तिला विचारलं, तर म्हणाली, 'मी कुठे नाही म्हणतोय?' तू ओळखतोस त्यांना. यापेक्षा मोठा पांढरा झेंडा त्या माणसाकडे नाही.

गाडी कोणती, ते कळव. मी न्यायला येते.

ढमी